उदगीर हे उदगीरच आहे, शपथेवर

पासपोर्टाच्या अर्जात जन्मगावाखाली एक रकाना असतो: जिल्हा. तो ज्याने घातला तो माणूस मराठवाड्यातला नसणार. त्याचा हिशेब साधा असावा. जमीन जागेवर राहते, माणूस हिंडतो, म्हणून माणसाला पासपोर्ट लागतो. आमच्याकडे माणूस ओट्यावर बसलेला असतो आणि जिल्हा हिंडून येतो.

आमचे उदगीरचे मामा घ्या. जन्म 1954, तारीख अर्थातच 1 जून. ती गुरुजींनी दिलेली. इकडे त्या पिढीचा वाढदिवस सामुदायिकच असतो. तर मामा जन्मले तेव्हा उदगीर बीदर जिल्ह्यात होतं आणि बीदर हैदराबाद राज्यात. 1956 ला राज्यांची वाटणी झाली. बीदर म्हैसूर राज्यात गेलं. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले. 1960 ला महाराष्ट्र झाला. 1982 ला उस्मानाबादेतून लातूर जिल्हा निघाला. 2023 ला उस्मानाबादचं धाराशिव झालं. एवढ्या काळात मामांनी एकच बदल केला, माळवद पाडून स्लॅब टाकला.

आता लेकाकडे परदेशी जायचं, तर पासपोर्टाची दहा वर्षं संपलेली. शाळेच्या दाखल्यावर ‘जि. उस्मानाबाद’, ऑनलाइन सेंटरवाल्या पोराने अर्जात भरलेलं ‘लातूर’. खिडकीतल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

“काका, नेमके जन्मलात कुठं?”

“उदगीरला.”

“ते कळलं हो. पण उदगीर कुठं होतं?”

“कामून? आता हाय तिथंच होतं की.”

हे उत्तर कोणत्याच रकान्यात बसत नाही. खरं लिहायचं तर बीदर निवडावं लागतं, आणि बीदर निवडायचं तर आधी कर्नाटक. हैदराबाद राज्य यादीत नाही. म्हणजे खरं लिहिलं की मामा कानडी मुलखात जन्मतात, आणि सोयीचं लिहिलं की ज्या जिल्ह्याचा जन्म त्यांच्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी झाला त्या जिल्ह्यात जन्मतात.

यावर उपाय एकच, शपथपत्र. ‘वन अँड सेम’ नावाचा एक नमुना झेरॉक्सच्या दुकानात तयार असतो. पांडुरंग आणि पांडूरंग हे एकच इसम आहेत, असं त्यात लिहून देतात. दुकानदाराने नावं खोडून जिल्हे घातले. मी खाली सही करणार शपथेवर लिहून देतो की बीदर, उस्मानाबाद व लातूर हे माझ्यापुरते एकच असून मी त्या सर्वांत एकाच वेळी, एकाच खोलीत, एकाच सुईणीच्या हातून जन्मलो आहे. सदर उदगीर हे उदगीरच आहे. उदगीरच्या लढाईत 1760 साली मराठ्यांनी निजामाला हरवलं होतं तेव्हाही ते तिथंच होतं. ते राज्याबाहेर गेलं किंवा आत आलं यात माझा हात नाही. आणि हे खोटं निघाल्यास होणाऱ्या शिक्षेस मी पात्र राहीन. शंभराचा स्टँप बंद झालाय म्हणून पाचशेचा. नोटरीचे वेगळे. छत्तीस पानी पासपोर्टाची फी दीड हजार, आणि उदगीर जागेवर असल्याचं सरकारला कळवायची फी त्याच्या एक तृतीयांश!

हे फक्त लातूरकरांचं दुखणं नाही. नांदेड जिल्ह्यातल्या किनवटचा त्याच वयाचा माणूस विचारा. तो जन्माने आदिलाबाद जिल्ह्याचा. ते आदिलाबाद पुढे आंध्रात गेलं आणि 2014 ला तेलंगणात. औंढ्याचा माणूस परभणीत जन्मला आणि 1999 ला झोपेतून उठला तो हिंगोलीत. आणि 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, त्याचा जन्मजिल्हा मात्र कोणी विचारला नाही.

आता हसणं पुरे. जिल्हा मामांनी बदलला का? बदलला सरकारने. राजपत्र सरकारनेच छापलं, सरकारच्याच कपाटात ते पडलंय. मग साक्ष म्हाताऱ्याने का द्यायची? कुठल्या वर्षी कोणता तालुका कोणत्या जिल्ह्यात होता, याचा एका पानाचा तक्ता करून खिडकीत चिकटवायला कोणती जागतिक निविदा काढावी लागते? तो तक्ता होत नाही, कारण त्याने त्रास कमी होतो तो म्हाताऱ्याचा, खिडकीचा नाही. कोपरापासून हात जोडून उभ्या असलेल्या माणसाला ‘शपथपत्र आणा’ म्हणणं फुकट पडतं. पैसे त्याचे, हेलपाटे त्याचे, गुडघे त्याचेच. शिवाय शपथ घेणारा चुकला तर गुन्हा त्याच्यावर, आणि नकाशा कितीदाही फिरवणाऱ्यावर काही नाही.

मामांचा अर्ज सध्या ‘छाननीत’ आहे.

दरम्यान उदगीर जिल्हा करा, किनवट जिल्हा करा, या जुन्या मागण्या कायम आहेत. जरूर करा, आमचा पाठिंबा. निवेदनावर मामांचीही सही घ्या. फक्त मागणाऱ्यांना आणि देणाऱ्यांना हात जोडून एवढीच विनंती, की मामांचा पासपोर्ट हातात पडेपर्यंत तेवढी घोषणा थांबवा.