गरम पाणी येतंय, जरा थांबा!

मुंबईकराने मुरबाड-शहापूरकडे फार्महाऊस बांधलं की बेडरूम चार, बाथरूम पाच. सोलर हीटर मात्र एकच, तोही गच्चीच्या पार त्या टोकाला. पाहुण्यांची बाथरूम अर्थातच या टोकाला. पाऊण इंची पाइपात मीटरमागे सुमारे पाव लिटर पाणी मावतं. पाइप २० मीटर असेल, तर गरम पाण्याआधी पाच लिटर थंडगार पाणी मोरीत सोडायचं. तोवर पाहुणा टॉवेल गुंडाळून, नळाखाली हात धरून कुडकुडत उभा. आणि हे कुठे? तर भातसा-तानसाच्या शहापुरात, जिथलं पाणी मुंबईला जातं आणि जिथले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात!

यावर जाणकारांचा तोडगा तयार असतो: गरम पाणी पाइपातून सतत फिरवणारा पंप. म्हणजे शनिवार-रविवारच्या दोन आंघोळींसाठी पाइप आठवडाभर उबदार. शेजारच्या भिवंडी तालुक्यातल्या वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवरून थेट लाइन टाकायचं अजून कुणाला सुचलं नाही, हे नशीबच.

गावातला माणूस अंगणात चूल पेटवतो, वर हंडा चढवतो आणि बादली हवी तिथे उचलून नेतो. पाइपाची लांबी शून्य.

तेवढं जमणार नसेल, तर दूरच्या बाथरूममध्येच तीन लिटरचा इन्स्टंट गीझर लावा, त्याला स्वतंत्र वायर आणि नीट अर्थिंग द्या. आणि पुढचं घर बांधाल, तेव्हा बाथरूम एकमेकींना चिकटून काढा.