पसारा कोणाचा, ताप कोणाला

घर आवरलं की मन आवरतं, असं हल्ली समुपदेशकांपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळे सांगतात. जपानच्या मारी कोंडोबाईंचा मंत्र तर जगभर गेला: वस्तू हातात घ्या, आनंद वाटला तर ठेवा, नाहीतर आभार मानून निरोप द्या. आता श्रीखंडाचा रिकामा डबा हातात घेऊन बघा. आनंदबिनंद काही नाही, पण 'लागेल कधीतरी' हा आवाज आतून येतोच. दाराआडच्या खिळ्याला पिशव्यांनी भरलेली पिशवी, खणात मेलेले चार्जर, माळ्यावर मिक्सरचं खोकं. मिक्सर कधीच भंगारात गेला, खोकं शाबूत. (तिसऱ्या मुलानंतर आवराआवर बरीचशी सोडून दिल्याचं खुद्द कोंडोबाईंनी २०२३मध्ये सांगून टाकलं. बाई आपल्यातल्याच निघाल्या!)

विज्ञानही मागे नाही. लॉस एंजेलिसमधल्या नोकरदार जोडप्यांचा एक अभ्यास २०१०मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्या घराबद्दल बोलताना पसारा, अर्धवट कामं हेच ज्या बायकांच्या तोंडी जास्त आलं, त्यांच्यात कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी दिवसभरात हवी तशी उतरत नव्हती. नवऱ्यांमध्ये मात्र असा ठळक संबंध आढळला नाही. आढळेल कसा? पसारा दोघांचा असला तरी दिसतो एकीलाच. तेव्हा पुरुषहो, मनःशांतीच्या शिबिराचे पैसे भरण्याआधी पलंगावरचा तो ओला टॉवेल उचला.