रावण कुणाकडून मारला गेला?

परभणीच्या जिंतूर रोडवर काय किंवा गंगाखेडात काय, इंग्रजीच्या क्लासात वर्षानुवर्षं राम रावणाला मारतो आणि लगेच रावण रामाकडून मारला जातो. कर्म उचलून पुढं, कर्ता ढकलून मागं, मधे 'बाय'. झाले मार्क! २००० सालापासून राज्यात इंग्रजी पाचवीऐवजी पहिलीपासून आलं. पण दहावीपर्यंत पोचेस्तोवर गाडी पुन्हा रावणापाशीच.

बारा काळांचा तक्ता पोरांना झोपेतही पाठ. मराठी क्रियापद शेवटी बसतं, इंग्रजी मधेच घुसतं, एवढं मात्र कुणी फळ्यावर शेजारी-शेजारी मांडून दाखवत नाही. मग पोरगं बिनधास्त म्हणतं, 'आय भाकरी ईट.' सर म्हणतात, चूक. का चूक? असंच असतं! मराठीत वाक्याच्या शेवटी 'का' चिकटवला की प्रश्न तयार. इंग्रजीत त्यासाठी 'डू', 'डज' पुढं आणावे लागतात, हेही राहून जातं. परिणामी 'यू कमिंग का?' ही परभणीची स्वतंत्र इंग्रजी.

तरी कर्मणी प्रयोग वाया जात नाही बरं. पुढं सरकारी नोकरी लागली की तोच कामी येतो: 'आपला अर्ज तपासला जाईल.' तिथं फक्त 'बाय'च्या पुढचं नाव गाळायचं.