जाळीवरच्या बिल्ल्यास खुले पत्र

प्रति,
छोट्या गाड्यांच्या पुढच्या जाळीवर मिरवणारा बिल्ला

बिल्ल्या,

तुला नमस्कार लिहीत नाही. ज्याच्या अंगी काही आहे त्याला नमस्कार करावा. तुझ्या अंगी क्रोम चढवलेल्या प्लास्टिकपलीकडे काही नाही, हे मी सांगलीत आमच्या मेस्त्रींच्या गॅरेजमध्ये डोळ्यांनी पाहिलं.

माझी गाडी लिफ्टवर होती. पुढच्या डाव्या चाकाचा लोअर आर्म गेला होता. कंपनीच्या स्पेअर काउंटरवर विचारलं तर मागवावा लागेल, आठ दिवस लागतील म्हणाले. मेस्त्री काही न बोलता समोरच्या दुकानात गेले आणि भलत्याच कंपनीचं खोकं घेऊन आले. आतला आर्म काढून त्यांनी माझ्या जुन्या आर्मशेजारी ठेवला. तीच वळणं, तीच भोकं, धातूवर उमटलेला तोच नंबर. अर्ध्या तासात तो बसलाही. शिवाय ह्या खोक्यातला आर्म माझ्या कंपनीच्या खोक्यातल्या आर्मपेक्षा स्वस्त निघाला. हात पुसत मेस्त्री म्हणाले, "खाली सगळ्या सख्ख्या बहिणी आहेत, साहेब. वर फक्त आडनाव वेगळं."

ते आडनाव म्हणजे तू. म्हणून पत्र तुला.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे तुला प्लॅटफॉर्मच्या आड लपता येणार नाही. प्लॅटफॉर्मवर माझा राग नाही. गाडीचा तळ, चाकांचे सांधे बसतात त्या जागा, इंजिन टेकतं ती माउंटिंग, स्टिअरिंगची मांडणी, धडकेचा जोर आपल्या पोटात घेणारे पुढचे दांडे, हे सगळं नव्याने आखायचं म्हणजे वर्षानुवर्षांचं काम आणि प्रचंड पैसा. तो खर्च एकाच मॉडेलवर टाकला तर छोटी गाडी छोट्या माणसाला परवडणारच नाही. पाच मॉडेलांत वाटला तर परवडते. मी ह्या वाटणीच्या बाजूचा आहे.

क्रायस्लर कंपनी १९७९ साली बुडायच्या बेतात होती. अमेरिकी सरकारने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली तेव्हा ती तगली. मग ली आयाकोका यांनी सगळा डाव एकाच के-प्लॅटफॉर्मवर लावला. त्यावर प्लिमथ रिलायंट आणि डॉज एरीज ह्या साध्या गाड्या आल्या, त्याच मुळातून पुढे मिनीव्हॅन निघाली आणि १९८३ मध्ये कंपनीने ते कर्ज मुदतीच्या सात वर्षं आधी फेडलं. हजारो कामगारांची चूल त्या एका तळावर पेटती राहिली. फोक्सवॅगनच्या एकाच तळावर नव्वदच्या दशकात गोल्फ, ऑडी ए३, स्कोडा ऑक्टाव्हिया, न्यू बीटल आणि ऑडी टीटी उभ्या राहिल्या. त्यातली ऑक्टाव्हिया २००१ पासून तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्यात जोडली जाऊ लागली आणि मराठवाड्यातल्या पोरांना त्या कारखान्यात नोकऱ्या मिळाल्या. पुढे २०१२ साली फोक्सवॅगनने एमक्यूबी हा नवा तळ आणला. त्यात पुढचा ॲक्सल आणि पेडल यांमधलं अंतर पक्कं ठेवलं आणि बाकीची लांबी-रुंदी ताणता-आवळता येईल अशी केली. ह्याला मी कारागिरी म्हणतो.

पेणला गणपतीच्या कारखान्यात जाऊन बघ. एका साच्यातून निघालेल्या दहा मूर्तींपैकी एकीला फेटा, एकीला मुकुट, एकीला पितांबर. गिऱ्हाईक विचारतं, "ही आणि ती एकाच साच्यातली का?" मूर्तिकार म्हणतो, "हो." फेट्याचे पैसे वेगळे घेतो आणि तेही सांगून घेतो. तू आजवर एकदाही "हो" म्हणाला नाहीस.

तुझी ही खोड जुनी आहे. ब्रिटनच्या बीएमसी कंपनीने १९६२ मध्ये मॉरिस ११०० बाजारात आणली. ॲलेक इसिगोनिस यांच्या डोक्यातून निघालेली ती गाडी गुणी होती. तुझ्या मालकांनी तिच्यावर ऑस्टिन, एमजी, रायली, वोल्सले आणि व्हँडन प्लास अशी आणखी पाच नावं चिकटवली. कुठे जाळी बदलली, कुठे डॅशबोर्डला लाकूड लावलं, आणि शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांत खोटी उतरंड तयार केली.

पण तुझं सगळ्यात लाजिरवाणं काम अमेरिकेतलं. जनरल मोटर्सने १९८१ च्या सुमारास जे-कार नावाचा छोटा प्लॅटफॉर्म काढला. शेवरोले कॅव्हेलियर, पाँटिॲक, ब्यूक, ओल्ड्समोबिल, युरोपात ओपेल अस्कोना, ऑस्ट्रेलियात होल्डन कमिरा, सगळ्या त्याच्याच. इथवर ठीक. मग तू कॅडिलॅकचा मुकुट घालून त्याच गाडीवर बसलास आणि नाव घेतलंस सिमॅरॉन. सुरुवातीला इंजिन तेच, ८८ अश्वशक्तीचं, चार सिलिंडरचं. दार तेच, छत तेच. आत चामड्याची बैठक, बाहेर तू, आणि किंमत कॅव्हेलियरपेक्षा हजारो डॉलर जास्त, बारा हजारांच्या घरात. १९८८ मध्ये ती बंद करावी लागली. पिढ्यानपिढ्या कमावलेलं कॅडिलॅकचं नाव तू सात वर्षांत असं मळवलंस की गाड्यांच्या इतिहासात फसव्या बिल्ल्याचं उदाहरण म्हणून आजही तीच गाडी दाखवतात.

आपल्याकडे येऊनही तू काही शिकला नाहीस. चेन्नईजवळ एकाच कारखान्यात निसान मायक्रा बनत होती. २०१२ मध्ये तीच रेनॉ पल्स झाली आणि निसानच्याच सनीची रेनॉ स्काला झाली. नाकाचा आकार जरा बदलला, बाकी सगळं तेच. लोक खुळे नव्हते. पल्स आणि स्काला दोन्ही रखडत विकल्या गेल्या आणि गुमान बंद झाल्या. ज्यांनी घेतल्या होत्या, त्यांच्या हाती जुन्या बाजारात पडेल भाव आला.

नाशिकच्या लोगनचं मात्र मला वाईट वाटतं. रोमानियाच्या डाचियाची ती साधी, ऐसपैस, दणकट गाडी २००७ मध्ये महिंद्र आणि रेनॉ यांच्या भागीदारीत नाशिकला बनू लागली. भागीदारी मोडली आणि २०११ मध्ये तीच गाडी व्हेरिटो झाली. टॅक्सीवाल्यांनी तिला नावाकडे न बघता आपलं म्हटलं, कारण त्यांना खालचा तळ कळत होता.

२०१९ मध्ये सुझुकीची बलेनो टोयोटाच्या शोरूममध्ये ग्लांझा म्हणून उभी राहिली. एकाच कारखान्यातून दोन्ही निघत. बलेनोला तेव्हा २ वर्षं किंवा ४० हजार किलोमीटरची वॉरंटी होती, ग्लांझाला ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरची. मला सांग, तोच गिअरबॉक्स, तोच तळ, तेच इंजिन, मग बलेनो घेणाऱ्या माणसाची गाडी तिसऱ्या वर्षी कमी भरवशाची होत होती का? यंत्राला तुझं नाव वाचता येत नाही. तरी माणसाला मिळणारा भरवसा तू ठरवलास.

इथवर पैशाचा मामला झाला. पैसा जातो आणि येतो. आता जिवाचं बोलतो, आणि हे तुला ऐकावंच लागेल.

निसानच्या व्ही-प्लॅटफॉर्मवरची मायक्रा २०१० मध्ये युरोपातल्या सुरक्षा चाचणीत ४ तारे घेऊन आली. त्याच व्ही-प्लॅटफॉर्मवर २०१४ मध्ये भारतासाठी डॅटसन गो आली. दिसायला नेटकी, किमतीला हलकी, पहिली गाडी घेणाऱ्या कुटुंबाला परवडेल अशी. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्लोबल एनकॅप ह्या धडक चाचण्या घेणाऱ्या संस्थेने ती धडकवली. प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे. सांगाडा इतका डळमळीत की एअरबॅग बसवूनही फारसा उपयोग होणार नाही, असं त्यांनी म्हटलं. संस्थेचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी निसानचे प्रमुख कार्लोस घोन यांना पत्र लिहून ही गाडी बाजारातून काढा अशी मागणी केली. गाडी पुढे कित्येक वर्षं विकली जात राहिली.

तळाचं नाव एक, आणि वरचा सांगाडा, पोलादाचा दर्जा, एअरबॅग ह्या सगळ्यात काटछाट. ही काटछाट गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याला तू दिसतोस, चकचकीत, नव्या नावाचा. पहिल्या गाडीसमोर नारळ फोडून, हार घालून, बायकोमुलांना घेऊन जो माणूस देवदर्शनाला निघतो, त्याने शोरूममध्ये तुझ्याकडे बघूनच विश्वास टाकलेला असतो. त्या विश्वासाचं तू काय केलंस?

म्हणून "प्लॅटफॉर्म चांगला आहे" एवढंच सांगणाऱ्या सेल्समनवर मी आता विश्वास ठेवत नाही. मारुतीच्या हार्टेक्ट प्लॅटफॉर्मवरच्या अर्टिगाला २०१९ मध्ये ग्लोबल एनकॅपचे ३ तारे होते, एस-प्रेसोला २०२० मध्ये शून्य. त्याच हार्टेक्टच्या नव्या डिझायरने २०२४ मध्ये, चाचणी आधीपेक्षा कडक झाली असताना, ५ तारे मिळवले. एकाच नावाच्या तळावर शून्यही उभं राहतं आणि पाचही. फरक वर काय बांधलं आणि किती पैसे घातले ह्याचा आहे, आणि घालायचे ठरवले तर जमतं हे डिझायरने दाखवून दिलं. चाकणला फोक्सवॅगन आणि स्कोडा यांनाही जमलं. तिथे एमक्यूबी ए-झिरो-आयएन ह्या एकाच तळावर कुशाक, टायगुन, स्लाव्हिया आणि व्हर्टस बनतात. चौघींच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर एकच, २६५१ मिलिमीटर. २०२२ आणि २०२३ मध्ये चौघींना ५-५ तारे मिळाले. बहिणींना सारखं वागवलं की असं होतं.

आणि सामायिक भाग नासका निघाला तर काय होतं, तेही तुला माहीत आहे, कारण तिथे तू एकदम चार-पाच रूपांत हजर होतास. जनरल मोटर्सच्या डेल्टा प्लॅटफॉर्मवरच्या शेवरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन, पाँटिॲक जी५ आणि इतर काही गाड्यांना एकच इग्निशन स्विच होता. किल्लीच्या जुडग्याचं वजन किंवा गुडघ्याचा धक्का लागला की तो धावत्या गाडीत आपोआप फिरायचा. इंजिन बंद, स्टिअरिंग जड आणि धडकेच्या क्षणी एअरबॅगही उघडत नाही. कंपनीतल्या इंजिनिअरांना ह्या स्विचची खोट वर्षानुवर्षं ठाऊक होती. मध्येच तो सुधारला, पण पार्ट नंबर तोच ठेवला, त्यामुळे अपघात तपासणाऱ्यांना जुन्या-नव्यातला फरक कळेना. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यू ह्या स्विचमुळे झाल्याचं मान्य केलं.

त्या १२४ जणांपैकी आयनमधल्या माणसाला कोबाल्टमध्ये काय झालं ते कोणी सांगितलं असतं तर? एकीच्या अपघाताने दुसरीला सावध करायला हवं होतं. नावं वेगळी असल्यामुळे घरच्यांना वाटलं, आपल्याच गाडीचं नशीब खोटं.

तर मागणं साधं आहे आणि ते मी तुझ्या मालकांपुढे ठेवतो. गाडीच्या माहितीपत्रकावर प्लॅटफॉर्मचं नाव छापा आणि त्या तळावरच्या सगळ्या बहिणींची नावं, त्या दुसऱ्या कंपनीच्या असल्या तरी, खाली लिहा. सामायिक भागांना सामायिक नंबर द्या आणि दोन खोक्यांत दोन भाव लावू नका. एका बहिणीत दोष निघाला तर सगळ्या बहिणींच्या मालकांना त्याच दिवशी कळवा. भारत एनकॅप ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे, पण गाडी चाचणीला पाठवायची की नाही हे कंपनीच्याच मर्जीवर आहे. ती मर्जी काढून घ्यावी आणि प्रत्येक मॉडेलचे तारे त्याच्याच नावाने, किमतीच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत लावावेत, ही मागणी सरकारपुढेही आहे.

वाचकहो, पुढची गाडी घ्यायला जाल तेव्हा बिल्ल्याकडे पाठ करा. सेल्समनला दोन प्रश्न विचारा: ह्या तळावर आणखी कोणत्या गाड्या उभ्या आहेत, आणि नेमक्या ह्याच मॉडेलला धडक चाचणीत किती तारे मिळाले? उत्तर कागदावर, सही-शिक्क्यासह घ्या. ते मिळेपर्यंत बुकिंगचा चेक फाडू नका.