मास्क खिशात, एसटी डेपोत

2022 च्या गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर राज्य शासनाने कोरोनाचे सगळे निर्बंध उठवले आणि पंढरपूर तालुक्यातल्या करकंबची मोठी पंचाईत झाली. दोन वर्षं गावाकडे प्रत्येक प्रश्नाला एकच हुकमी उत्तर होतं. उधारी का दिली नाही? लॉकडाऊन. मेहुण्याच्या वास्तुशांतीला का आला नाहीत? लॉकडाऊन. पोराला बाराचा पाढा का येत नाही? लॉकडाऊन. बांधाचं भांडण का मिटत नाही? लॉकडाऊनमध्ये मोजणी राहिली. भांडण आजोबांच्या काळापासूनचं आहे, हा भाग वेगळा. 31 मार्चला मंत्रिमंडळाने ठरवलं, 2 एप्रिलला गुढ्या उभ्या राहिल्या आणि त्याच दिवशी हे उत्तर बाद झालं. आता उधारी द्यावी लागणार किंवा नवीन कारण शोधावं लागणार. गाव दुसऱ्या पर्यायावर विचार करतंय.

सगळं आता पूर्वीसारखं झालं पाहिजे, यावर मात्र गावात एकमत होतं. नेमकं काय पूर्वीसारखं, हे विचारलं की एसटी स्टँडवर रोज सकाळी हातघाईची वेळ यायची. स्टँड अशासाठी, की 2021 च्या ऑक्टोबरअखेरपासून एसटीचे कर्मचारी संपावर होते, गाड्या नव्हत्या आणि बसायला जागा मुबलक होती. कान देऊन ऐकलं तर गावात चार-पाच पंथ सरळ दिसायचे.

पहिला पंथ निर्भयांचा. त्यांचं म्हणणं, ‘‘कोरोना-बिरोना काय नव्हतंच लेका. समदं औषधवाल्यांचं कारस्थान.’’ या पंथाचे प्रमुख 2020 च्या उन्हाळ्यात रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकून गाव राखत होते. पुण्याहून आलेल्या सख्ख्या पुतण्याला त्यांनी चौदा दिवस शाळेत ठेवलं आणि डबासुद्धा लांबून, काठीने सरकवला. 22 मार्चच्या जनता कर्फ्यूला संध्याकाळी पाच वाजता त्यांनी वाजवलेल्या पितळी ताटाला पडलेला पोचा घरच्यांनी अजून जपून ठेवला आहे. जो रोग नव्हताच, त्याची इतकी जय्यत तयारी दुसऱ्या कुणी केली नसेल.

दुसरा पंथ सावधांचा. त्याचे प्रमुख निवृत्त गुरुजी. निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला, तरी गुरुजींच्या नाकावरचा मास्क हलला नव्हता. कानपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी चौथी लाट 22 जूनच्या सुमारास येईल असं गणित मांडलं होतं. ते कात्रण गुरुजींनी नव्या पंचांगातच खोचून ठेवलं होतं. पाडव्याला त्यांनी पाऊसपाणी वाचून दाखवलं आणि पाठोपाठ लाटेची तिथी. ‘‘गुरुजी, पाऊस कदी पडंल ते कुणाला सांगता येईना, आन् लाटंची तारीख कशी ओ सांगत्यात?’’ असं एका पोराने विचारलं. गुरुजींनी त्याच्या हातावर सॅनिटायझर ओतून विषय संपवला.

या दोन्हींच्या मधे एक तिसरा, मूक पंथ आहे. त्याला विषाणूशी देणंघेणं नाही, मास्कशी आहे. ज्यांचं चार ठिकाणी देणं आहे, त्यांच्यासाठी ही दोन वर्षं सोन्याची गेली. समोरून सावकार आला तरी अर्धा चेहरा झाकलेला, ओळख दाखवण्याचा प्रश्नच नाही. मास्क नाही म्हणून पाचशे रुपये दंड व्हायचा तेव्हा हाच पंथ सर्वांत कायदा पाळणारा होता. मास्कसक्ती उठवण्याच्या निर्णयाने त्यांचं झालेलं नुकसान कोणत्याच पॅकेजमध्ये धरलेलं नाही.

व्यापाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. 2021 मध्ये 20 एप्रिलपासून किराणा सकाळी सात ते अकरा असा ठरला होता. अकराच्या ठोक्याला विषाणू कामावर हजर होतो, असा त्यामागचा सरकारी शोध. मग दिवसभराची गर्दी चार तासांत आणि उरलेली अर्ध्या शटरखालून. त्या दिवसांत गिऱ्हाईक दुकानदारापुढे वाकून आत शिरायचं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या धंद्यात एवढा मान कधी मिळाला नव्हता. शिवाय घाईत उधारी मागायला कुणाला सवड नसे, व्यवहार रोखीचा. आता दुकान रात्रीपर्यंत सताड उघडं आहे आणि गिऱ्हाईक घरात बसून मोबाईलवर साबण मागवतंय. शेटजी उसासा टाकून म्हणतात, ‘‘बंद होतं तवा धंदा व्हता!’’ हेच शेटजी तेव्हा दुकानं उघडा म्हणून निवेदन द्यायला सर्वांत पुढे होते.

त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती, हेही नमूद करू. 2021 मध्ये 15 ऑगस्टपासून राज्यभर दुकानं रात्री दहापर्यंत उघडी ठेवायला परवानगी मिळाली. पंढरपूरसह सोलापूर जिल्ह्यातल्या पाच तालुक्यांना मात्र दोन दिवस आधीच, 13 ऑगस्टला, नव्याने कुलूप लागलं. देश स्वातंत्र्यदिनाच्या तयारीत आणि आम्ही संचारबंदीच्या. रुग्ण वाढले होते हे खरं. पण ते का वाढले याची चर्चा निघाली की गावातला प्रत्येक जण एप्रिलकडे बोट दाखवायचा आणि कारभारी दुसरीकडे बघायचे.

तो एप्रिलही सांगण्यासारखा आहे. 14 एप्रिल 2021 च्या रात्री राज्यात संचारबंदी लागली. पंढरपूर-मंगळवेढा मतदारसंघात मात्र पोटनिवडणूक होती, म्हणून तिथले निर्बंध 17 तारखेचं मतदान उरकल्यावर. आता करकंब तालुक्याने पंढरपूरचं आणि आमदारकीने माढ्याचं. म्हणजे तालुका एकच, पण हद्दीच्या अलीकडे विषाणू धोकादायक आणि पलीकडे तो आचारसंहितेत. मतदारसंघांच्या फेररचनेचा नकाशा आम्हाला अजून नीट कळलेला नाही. त्या बिचाऱ्या विषाणूला तो तीन दिवसांत पाठ करावा लागला. प्रचारसभांत नेते मास्क काढून सांगत होते, ‘‘मास्क वापरा.’’ त्यामुळे पुढारी मंडळींना पूर्वीसारखं आयुष्य सुरू करण्यात काहीच अडचण आलेली नाही. त्यांचं ते कधी बंदच पडलं नव्हतं.

लग्नाचा हंगाम तोंडावर होता आणि इथे गाव उभं दुभंगलं होतं. 2021 च्या एप्रिलातला हुकूम होता: लग्नाला 25 माणसं, दोन तासांत आटपा, नियम मोडला तर 50 हजार दंड. वरबापांनी वरवर हळहळ केली आणि आतून हात जोडले. पाचशे पत्रावळी वाचल्या, आहेराचे टॉवेल-टोप्या वाचल्या, भावकीतला रुसवा तर कायद्यानेच मोडीत काढला. ‘‘तुला बोलवायचं लई मनात व्हतं बापू, पर कलेक्टर न्हाय म्हनला!’’ एवढ्या एका वाक्यावर तालुक्यातल्या किती मुली उजवल्या गेल्या असतील. आता तेच बापू विचारतायत, ‘‘काय ओ, आता तर कलेक्टरचं काय म्हननं न्हाय न्हवं?’’ मंडपवाले, आचारी, बँडवाले मात्र दोन वर्षांनी पाडव्याला खरोखर हसले. बँडवाल्याने ट्रॉलीवरची धूळ झटकून पहिलाच सूर लावला, तर कर्ण्यातून चिमणीचं घरटं निघालं म्हणे. त्यांना पूर्वीसारखं हवं आहे आणि त्यांच्या हव्या असण्यात काहीही लबाडी नाही.

लबाडी दुसऱ्या एका गोष्टीत आहे. पंचवीस माणसांच्या लग्नात नवरीचं वय विचारणारा सव्विसावा माणूस नसतो. त्या आटोपशीर, आदर्श, काटकसरीच्या सोहळ्यांपैकी काहींत नवरीच्या दप्तराची वही अर्धीच भरलेली होती. हे स्टँडवर कुणी बोलत नाही. तिथे खर्च किती वाचला यावर बोलणं चालतं.

आता माळकऱ्यांचं. हे गाव संत निवृत्तिनाथांच्या पालखीच्या वाटेवरचं. आषाढीत नाथांचा मुक्काम पडला की घराघरातून पिठलं-भाकरी निघते. 17 मार्च 2020 ला विठ्ठलाचं दार बंद झालं आणि त्या वर्षी वाटही बंद. नाथांच्या पादुका त्र्यंबकेश्वराहून एसटीने पंढरीला गेल्या आणि त्या प्रवासासाठी 71 हजार रुपये भाडं आकारलं गेलं. ओरड झाल्यावर ते माफ केल्याचं जाहीर झालं. माउली चालत निघाली तर तिकीट नाही, बसली की भाडं! त्यात ऑक्टोबरमध्ये परमिट रूम आधी उघडले आणि देवळं दिवाळीच्या पाडव्यापर्यंत थांबली. तेव्हा ‘देवापेक्षा बाटली मोठी का’ असा कडाडून सवाल करणारे काही जण तो सवाल परमिट रूममध्येच बसून करत होते, अशी नोंद आमच्याकडे आहे.

2022 च्या पाडव्याला पंढरीत पदस्पर्श दर्शन पुन्हा सुरू झालं. दोन वर्षं ज्या पायांचं दर्शन लांबून घेतलं, त्यावर आता डोकं ठेवता येईल. स्टँडवर बसणाऱ्या माळकरी आजोबांना ही बातमी कळली तेव्हा ते लगेच उठले. उठले आणि पुन्हा बसले. पंढरपूर वीसेक किलोमीटरवर, विठोबा मोकळा, निर्बंध शून्य, आणि गाडी नाही. वडापच्या जीपवाल्याने सांगितलं, ‘‘आजोबा, जागा हाय की! मागच्या फळीवर उभं ऱ्हावा.’’

नियतीचा हिशेब बघा. 2020 मध्ये एसटी होती तर माणसांना बाहेर पडायला बंदी. 2021 च्या कार्तिकीला वारीला परवानगी मिळाली तर एसटी संपावर. 2022 मध्ये सगळी बंदी उठली, तेव्हा संपाचे पाच महिने होऊन गेले होते. एसटी शासनात विलीन करण्याची मागणी डेपोच्या दारात बसून होती, सरकार समित्यांचे अहवाल चाळत होतं आणि दोन माणसांत सहा फूट अंतर असावं हा नियम काल-परवापर्यंत पाळणाऱ्या राज्यात एका जीपमध्ये अठरा माणसं बसत होती. संसर्ग जीपच्या टपावर बसणाऱ्याला होतो की आतल्याला, यावर अजून संशोधन झालेलं नाही.

शाळेची कथा याहून खुमासदार. 2021 मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही आणि राज्याचा निकाल 99.95 टक्के लागला. उरलेल्या 0.05 टक्क्यांनी नेमकं काय केलं असेल, याचं गावाला अजून कुतूहल आहे. पुढच्या वर्षी परीक्षा वर्गात बसून द्यायची म्हटल्यावर 31 जानेवारी 2022 ला मुंबईत, धारावीत, मुलांनी मोठं आंदोलन केलं. एकत्र बसणं धोक्याचं आहे हे सांगायला ती शेकड्यांनी एकत्र जमली होती. आमच्याकडची पोरं तेवढी जागरूक नाहीत. इथला मोर्चा बापाकडे असतो आणि मागणी एकच, नेटपॅक. ‘‘अभ्यास हाय’’ या नावाखाली दोन वर्षांत जो काही अभ्यास झाला, त्याचे तज्ज्ञ आता गावात घरटी एक आहेत.

पण जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेलं पोर 2022 च्या जूनमध्ये तिसरीत जाणार होतं. मधल्या काळात त्याची शाळा उघडली, मिटली, जानेवारीत पुन्हा मिटली, पुन्हा उघडली. ज्याच्या घरात एकच फोन, आणि तोही बापाबरोबर ऊसतोडीला, त्याची पहिली-दुसरी कुठे झाली हे हजेरीपटालाही सांगता येणार नाही. वस्तीवरच्या आठवी-नववीतल्या मुलींना सरकार एसटीचा पास फुकट देतं. पास होता, दप्तर होतं, शाळाही उघडली होती. फक्त एसटी नव्हती. वडापला पास चालत नव्हता आणि फळीवर उभं करून पोरीला पाठवायला आई तयार नव्हती. त्यातल्या एकीच्या बापाने सांगितलं, ‘‘दोन वर्सं घरीच हाय, आता घरीच ऱ्हाऊ द्या. तिलाबी सवय झाली.’’ निर्भय, सावध, व्यापारी, वरबाप या सगळ्यांनी मान डोलावली. सगळ्या पंथांचं एकमत झालेलं हे पहिलंच प्रकरण.

म्हणून सांगतो, ‘पूर्वीसारखं व्हावं की नाही’ हा वादच मुळात ज्यांच्या दारात मोटारसायकल आहे त्यांचा आहे. ज्याचं स्वतःचं चाक आहे त्याचं आयुष्य 2 एप्रिलला सुरू झालं. ज्याचं नाही, त्याचं कागदावर. निर्बंध उठवायला मंत्रिमंडळाची एक बैठक पुरते, पण वस्तीवरच्या पोरीला शाळेत नेऊन सोडायचं काम कोणत्याच आदेशात लिहिलेलं नसतं.

यावर उपाय आहे आणि तो अवघड नाही. 1 मेला ग्रामसभा असते. तिला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी लागतात. कोरोनाच्या कितीतरी वर्षं आधीपासून महाराष्ट्राने सामाजिक अंतर जर कुठे काटेकोरपणे पाळलं असेल, तर ते ग्रामसभेत. तेव्हा करकंबकरहो, लग्नाला जमा, बाजाराला जमा, पंढरीला जा. फक्त 1 मेलाही शंभर जण या आणि दोनच गोष्टी लिहून घ्या: वस्त्यांवरच्या किती मुली शाळेत परत आल्या नाहीत, आणि एसटी नसेल तेव्हा त्यांना आणायची जीप कोण देणार. चहाचा खर्च मूक पंथाकडून वसूल करता येईल. आता त्यांचे चेहरे ओळखू येतात.