मदरबोर्ड गेला म्हणे!

दहा-बारा वर्षांचा डेस्कटॉप एखाद्या सकाळी बटण दाबूनही ढिम्म हलला नाही, की त्याची दोन निदानं होतात. घरातलं निदान असतं, 'वय झालं त्याचं.' दुकानातलं असतं, 'मदरबोर्ड गेला.' पहिलं फुकट आणि दुसरं महाग, एवढाच काय तो फरक. गुण दोन्हींचा एकच, की त्यानंतर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. माझं म्हणणं असं आहे, की जुन्या संगणकात दोष बहुतेक वेळा सगळ्यांत स्वस्त वस्तूत असतो आणि संशय मात्र किमतीच्या क्रमाने वरून खाली उतरत येतो. बऱ्याचदा तो खालपर्यंत पोहोचतच नाही, कारण तोवर नवा संगणक घरी आलेला असतो. सरकारी खात्यातल्या चौकशीची ही बरोब्बर उलटी तऱ्हा. तिथे भानगड वरच्यांची असते आणि निलंबित होतो शिपाई. इथे भानगड खरोखरच शिपायाने केलेली असते आणि घरी बसवतात सचिवाला.

'वय झालं' हे आधी निकालात काढू. वय सगळ्या भागांना सारखं होत नाही. ज्याच्यावर पहिला संशय जातो तो प्रोसेसर सिलिकॉनचा. त्यात फिरणारं, वाळणारं, आटणारं असं काही नाही. ठरलेलं व्होल्टेज आणि सोसवेल एवढं तापमान मिळालं, तर भोवतालचा अख्खा संगणक भंगारात गेला तरी तो ठणठणीत राहतो, आणि म्हणूनच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर त्याला सेकंडहँडमध्येही गिऱ्हाईक मिळतं. म्हातारे होतात ते इतर. कॅपॅसिटरमधला द्रव आटतो, पंख्याचं बेअरिंग कुरकुरायला लागतं, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधल्या थर्मल पेस्टचे पोपडे होतात, जोडण्यांवर धूळ नि गंज चढतो, बटणाएवढा सेल संपतो. संगणक विकताना दुकानदार प्रोसेसर, रॅम आणि हार्ड डिस्क यांचीच नावं घेतो. 'साहेब, पेस्ट बघा काय लावलीय!' असं सांगून कुणी संगणक खपवल्याचं ऐकिवात नाही. ज्यांची नावं बिलावरच नसतात, त्यांच्यावर संशय तरी कसा यावा?

या अनामिकांत सगळ्यांत खालच्या पायरीवर आहे तो सीआर२०३२ नावाचा सेल: व्यास २० मिलिमीटर, ३ व्होल्ट, किंमत मिसळीच्या प्लेटपेक्षा कमी. संगणकाची वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम, आणि जुन्या बोर्डांवर बायोसच्या सेटिंग्जही त्याच्याच भरवशावर असतात. प्लग चालू ठेवला तर घड्याळ एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या, स्टँडबाय विजेवर चालतं आणि सेलला आराम मिळतो. पण आपल्याकडे 'भिंतीवरचं बटण बंद केलंस का?' असं विचारल्याशिवाय घर झोपत नाही, त्यामुळे हा सेल रोज रात्रपाळी करतो आणि काही वर्षांत बसतो. मग सकाळी संगणक उठतो तो थेट आपल्या जन्माच्या आसपासच्या एखाद्या १ जानेवारीला. बँकेची साइट उघडावी तर ब्राउझर ती सुरक्षित नाही म्हणून ओरडतो, कारण त्याच्या हिशेबाने साइटचं प्रमाणपत्र अजून जन्मायचंच आहे. घरात चर्चा सुरू होते व्हायरसची. काही बोर्डांवर सेटिंग्ज मूळपदावर जाताना हार्ड डिस्कशी बोलण्याची पद्धतही एएचसीआयवरून आयडीईवर जाते आणि विंडोज निळा पडदा दाखवून मोकळी होते. त्यावर जालीम उपाय ठरलेला: 'फॉरमॅट मारू.' फॉरमॅट मारल्याने मुलांचे फोटो जातात, टॅलीचा डेटा जातो आणि सेल होता तसाच बसलेला राहतो. यानंतरचं 'फॉरमॅट मारूनही होत नाही, म्हणजे मदरबोर्डच' हे अनुमान तर्कशास्त्राच्या परीक्षेत उत्तम गुण मिळवील; फक्त उत्तर चुकलेलं असेल.

दुसरा शिपाई रॅमच्या खाचेत सापडतो. पंखा फिरतोय, पडदा काळा आणि आतून लांब बीप येताहेत, याचा अर्थ बऱ्याच बोर्डांवर एवढाच, की रॅम हाताला लागत नाही. प्लग काढून कॅबिनेट उघडायचं, दोन्ही टोकांच्या खिट्या बाहेर दाबायच्या, पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसायचे, रबराचा चुरा झटकायचा आणि पट्टी परत बसवायची, खिट्या 'टक्' करून आपसूक बंद होईपर्यंत. जाणकार इथे आक्षेप घेतात, की खोडरबर हा अडाणी उपाय आहे, त्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो, आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावं. आक्षेप रास्त आहे. किंबहुना मी त्याच्याही पुढे जाऊन म्हणेन, की खोडरबराला मिळणारं श्रेय पुष्कळदा त्याचं नसतंच. पट्टी काढून पुन्हा बसवताना जे घासलं जातं त्यानेच काम झालेलं असतं. म्हणून आधी नुसती काढून बसवावी, नाहीच जमलं तर पुसावी. कॅबिनेटवर थाप मारणाऱ्यांचं शास्त्रही हेच आहे, फक्त रानटी अवस्थेतलं. मात्र हार्ड डिस्क फिरत असताना तिचं हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, हे थाप मारणाऱ्या हाताला ठाऊक नसतं.

संशय किती वर जाऊ शकतो, याचा विक्रम बेल्जियमच्या नावावर आहे. १८ मे २००३ च्या निवडणुकीत शारबेक इथल्या मतदान यंत्रणेने एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त दिली. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात, अर्थात स्मृतीतला एकच बिट उलटला होता. यंत्रात दुसरा दोष सापडेना, तेव्हा बोट गेलं थेट अंतराळाकडे: एखाद्या वैश्विक किरणाने तो उलटवला असावा. हे शक्य आहे, नाही असं नाही. पण गूगलने आपल्या सर्व्हरांच्या रॅमचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध केला, त्यात वर्षाकाठी आठ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांत चुका आढळल्या आणि त्यांत वरचष्मा होता तो आकाशातून आलेल्या क्षणिक चुकांचा नव्हे, तर प्रत्यक्ष हार्डवेअरच्या दोषांचा. म्हणजे तिथेही चौकशी खालीच येऊन थांबली. ज्याची रॅम तीन पावसाळे खिडकीशेजारी राहिली आहे, त्याने निदान आकाशगंगेला तरी गुंतवू नये.

दोष कुठे आहे यापेक्षा तो कधी दिसतो, हे आधी विचारावं. पण हे कुणी विचारत नाही. थंड असताना नीट चालतो आणि वीस मिनिटांनी पटकन बंद पडतो, तर उष्णता: पंखा, हीटसिंकमधली धुळीची गादी, वाळलेली पेस्ट. उलट, पहिल्या दोन वेळा उठत नाही, तिसऱ्यांदा उठला की दिवसभर चालतो, तर एसएमपीएस किंवा बोर्डावरचे कॅपॅसिटर. हे कॅपॅसिटर बघायला डोळे पुरतात. चांगल्या कॅपॅसिटरचा माथा सपाट असतो आणि त्यावर फुलीसारखे चरे असतात. बिघडलेल्याचा माथा टम्म फुगतो, कधी चऱ्यांतून तपकिरी रस येऊन वाळलेला दिसतो. १९९९ ते २००७ च्या सुमारास सदोष द्रवाचे असे कॅपॅसिटर जगभरच्या अनेक बोर्डांवर बसले होते, आणि त्या काळातलं यंत्र अजून वापरात असेल तर टॉर्च मारून बघायला काही जात नाही. इथे दुकानदार म्हणेल, 'कॅपॅसिटर मदरबोर्डवरच असतो, म्हणजे माझं बरोबरच.' शब्दशः बरोबर आहे. शिपाई मंत्रालयातच बसतो, म्हणून मंत्रालय बरखास्त करायचं एवढंच. एक मर्यादा मात्र पाळावी. एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये; २३० व्होल्टचा पुरवठा आत सुमारे ३२५ व्होल्ट होऊन मोठ्या कॅपॅसिटरात साठतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथे दबा धरून राहतो. तो बदलून बघायचा भाग आहे, उघडून बघायचा नव्हे. आणि बदलून बघायचं तर एका वेळी एकच. रॅम, एसएमपीएस आणि केबल एकदम बदलल्यावर संगणक चालू होतो खरा, पण तीन निरपराधांचं बिल भरून आपल्याला कळत काहीच नाही.

सगळ्यांत वजनदार आक्षेप हार्ड डिस्कचा. ती ना स्वस्त, ना क्षुल्लक, आणि ती खरोखर मरते. हे मान्य करायलाच हवं. गूगलच्याच २००७ च्या अभ्यासात एक लाखाहून अधिक डिस्क तपासल्या, तर बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी, तापमान सोडलं तर, स्मार्ट नावाच्या स्वयंतपासणीत कसलाच इशारा दिला नव्हता. म्हणून डिस्क दिसत नसेल तर साटा केबल एकदा काढून घट्ट बसवावी, आणि डिस्क दिसू लागली की सिद्धांत बाजूला ठेवून आधी डेटाची प्रत काढावी. सचिव कधीच दोषी नसतो असं मी म्हणत नाही. त्याला बडतर्फ करण्याआधी खालचे जबाब घ्यावेत, इतकंच.

राहिला पैशाचा आक्षेप: एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवा घेतलेला काय वाईट? पण हिशेब करताना लोक चुकीच्या निदानाची किंमत धरत नाहीत. जुन्या सॉकेटचा नवा मदरबोर्ड सहज मिळत नाही. नव्या बोर्डात जुना प्रोसेसर बसत नाही. डीडीआर३ ची खाच डीडीआर४ शी जुळत नाही, त्यामुळे रॅमही नवी. एका सेलपायी सुरू झालेली चौकशी संपते तेव्हा जुन्यातलं शिल्लक राहतं फक्त कॅबिनेट. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं, हे खरं. तिथे यंत्रात दोषच नसतो, तेव्हा कितीही पुसलं तरी फरक पडणार नाही. इंटरनेटवर बँकेचे व्यवहार करणाऱ्याने लिनक्स टाकावं किंवा नवा घ्यावा. पण गावोगावच्या डीटीपी सेंटरांत लग्नपत्रिका अजून पेजमेकरमध्ये लागतात, जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. तिथल्या एक्सपीवाल्या यंत्राला इंटरनेटची वायरच नसते, त्यामुळे सुरक्षेची चिंता नाही आणि नव्या विंडोजची हौसही नाही. वधूपित्याला मजकूर संध्याकाळपर्यंत छापखान्यात पाठवायचा असतो, आणि बटण दाबल्यावर यंत्राने सेल बसल्याचं सांगून मागितलेली एफ१ ची कळ ऑपरेटर न बघता दाबून पुढे जातो.