पुळणीत गाडी रुतवण्याची रीत

मुरुड हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्याचे किनाऱ्यावरचे गाव. जंजिऱ्याचे मुरुड वेगळे, ते रायगड जिल्ह्यात. मोबाइलमध्ये नुसते ‘मुरुड’ टाकून निघालेली कुटुंबे तिथे पोहोचतात आणि दापोलीच्या घरमालकाला ‘तुमचं घर कुठे दिसत नाही’ म्हणून फोनवर दटावतात. दापोलीच्या मुरुडात नारळी-पोफळीच्या वाड्या, दुर्गादेवीचे देऊळ आणि वाड्यांच्या पलीकडे समुद्र आहे. हर्णैचा मासळीचा लिलाव, सुवर्णदुर्ग आणि आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती जवळच आहेत. ते उद्या बघायचे असतात.

दुपारी चारपर्यंत गावात काही घडत नाही. जेवणात सुरमई आणि सोलकढी झालेली असल्याने कोणाची तक्रारही नसते. चारनंतर संध्याकाळचा कार्यक्रम सुरू होतो: शहाळे, भेळ, घोडागाडी आणि शेवटी सूर्यास्त. यांपैकी सूर्यास्त फुकट असल्याने त्याला गर्दी जास्त.

बिंबाची कड पाण्याला टेकल्यापासून ते पूर्ण बुडेपर्यंत दोन-अडीच मिनिटे जातात. क्षितिजाजवळ प्रकाशकिरण हवेत वाकतात, त्यामुळे सूर्य असतो त्याहून जवळजवळ स्वतःच्या व्यासाइतका वर दिसतो. म्हणजे टेकलेले बिंब तळहातावर धरून फोटो काढला जातो, तेव्हा सूर्य खरे तर मावळून गेलेला असतो. ही माहिती फोटो काढणाऱ्याला त्या क्षणी सांगू नये. प्रवासवर्णने लिहिणारे सांगतात. त्यांना सहलीला पुन्हा कोणी विचारत नाही.

या दोन-अडीच मिनिटांसाठी गाडी थेट पाण्यापर्यंत न्यायची पद्धत आहे. मनाईची पाटी असली तर ती वाचून पुढे जातात. कारण विचारल्यास ‘आईला चालवत नाही’ असे उत्तर मिळते. सुरूच्या बनापासून पाणी चार पावलांवर. याच गावात लहानाचे मोठे झालेले धोंडो केशव कर्वे परीक्षेला बसायला सह्याद्री ओलांडून साताऱ्याला पायी गेले होते, आणि तिथे ‘सतरा वर्षांचा दिसत नाहीस’ म्हणून त्यांना परत पाठवण्यात आले. १९५८ साली त्यांना भारतरत्न मिळाले. गाडीवाल्यांना फार तर दंडाची पावती मिळते.

गाडी रुतण्यामागचे शास्त्र सोपे आहे. पाण्याजवळची ओली पुळण घट्ट असते, वरची कोरडी भुसभुशीत. जाताना वेग असतो, म्हणून कोरडा पट्टा पार होतो. गाडी ओल्यावर ऐटीत उभी राहते, दारे उघडतात, गाणी लागतात. परतताना कोरडी पुळण लागते, चाक जागच्या जागी फिरते आणि गाडी पुढे जायची ती खाली जाते. चालक ॲक्सिलरेटर आणखी दाबतो. गाडीचे पोट टेकले की पहिला टप्पा संपला.

दुसरा टप्पा सल्ल्यांचा. ‘रिव्हर्स घे.’ ‘स्टिअरिंग सरळ ठेव.’ ‘सगळे उतरा.’ ‘मागे वजन हवं, दोघं बसा.’ चाकाखाली पायपुसणी जातात, मग सतरंजी, मग मेहुण्याची चप्पल. ती पुन्हा दिसत नाही. टायरमधली हवा कमी करावी, चाकापुढची पुळण हाताने उकरावी आणि झावळ्या अंथराव्यात, हा खरा उपाय. तो शेजारी उभा असलेला गाववाला दोनदा सांगतो. त्याच्या अंगात नुसते बनियन असल्याने कोणी ऐकत नाही.

तेवढ्यात भरती लागते. कोकणात पूर्ण भरतीच्या वेळेचा ढोबळ हिशेब तिथीच्या पाऊणपट धरतात: दशमीला साडेसात. गाडी कुठे उभी आहे हे उपग्रह अचूक दाखवतो, पण आज दशमी आहे हे भिंतीवरच्या कॅलेंडरात असते आणि भिंत पुण्यात. परतणारी लाट टायरभोवतीची पुळण ओढून नेते, त्यामुळे बंद गाडीसुद्धा लाटेगणिक खाली बसते.

हिवाळ्यात या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. मादी रात्री वर येते, हातभर खड्ड्यात शंभरेक अंडी घालते, पुळण लोटते आणि निघून जाते. पिल्ले पन्नासेक दिवसांनी वर येतात. चाकांनी पुळण दाबली तर त्यांना वर येणे अवघड होते, आणि आलीच तर चाकोरीत अडकतात. गावचे लोक पहाटे किनारा चालून घरटी शोधतात, जाळी लावून अंडी राखतात. अशा पुळणीवर फोटोपायी गाडी घालणाऱ्याला हौशी म्हणू नये. तो उर्मट असतो.

तिसरा टप्पा ट्रॅक्टरचा. ट्रॅक्टर त्या बनियनवाल्याचाच निघतो. किती घेणार असे विचारल्यावर तो आधी पाण्याकडे बघतो, मग आकडा सांगतो. लाट दाराला लागेपर्यंत घासाघीस चालते, पुढे नाही.

दोर बांधून धक्का मारताना सगळ्यांच्या पाठी पश्चिमेकडे असतात आणि नेमका तेव्हाच सूर्य बुडतो. चालवत नसलेल्या आई मात्र केव्हाच्या उतरून, चालत जाऊन भेळवाल्याच्या खुर्चीत बसलेल्या असतात. आयुष्यभर ही वेळ दिव्याची, कुकरची आणि ‘चहा झाला का’ची. त्या बिंब पूर्ण बुडेपर्यंत बघतात. भेळवाला आपल्या थर्मासातला चहा त्यांना देतो आणि पैसे घेत नाही.

सुटलेली गाडी त्याच रात्री खालून गोड्या पाण्याने धुवावी लागते, नाहीतर खाऱ्या पाण्याने पत्रा गंजतो. घरमालक विहिरीचा पंप लावून देतो. पुळण गाडीतून दिवाळीपर्यंत निघत राहते. विम्याच्या अर्जात ‘अपघाताचे ठिकाण’ या रकान्यात ‘रस्ता’ लिहावे की ‘समुद्र’, यावर घरात मतभेद होतात, आणि दोन्हींपैकी काहीही लिहिले तरी उत्तर बहुधा एकच येते.